कुलपाला ठेवायला हवं होतं का

क्लबनं आमच्या नवऱ्याला काढलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. पंधरा वर्षं हा हॉकीच्या मैदानात गोलकीपरच्या पुढे बचावाला उभा राहून अंगावर चेंडू घेत होता आणि मी घरी त्याचे काळेनिळे डाग शेकत होते. वय सदतीस, गुडघ्यात पाणी होतंय, समोरचे दोन दात बसवलेले. सुटलो एकदाचे, असं मी म्हटलं. इतक्या सहज सुटका होते का कोणाची?

खाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर लावणं, असली कामं. वर आमच्या दोन खोल्या. आम्ही दोघंच. दर रविवारी दुपारी त्याच्या जुन्या टीमची मॅच टीव्हीवर लागली की दुकानातल्या खुर्च्या वर जायच्या, गल्लीतले लोक जमायचे आणि वाद सुरू व्हायचा. वाद एकच. कुलपाला ठेवायला हवं होतं की नाही. कुलूप म्हणजे आमचा नवरा. त्याच्या बाजूनं चेंडू आत जात नसे, म्हणून कोणीतरी कधीतरी हे नाव दिलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा 'कुलूपसाहेब आहेत का' म्हणून विचारतो. मला पूर्वी काहीजण किल्ली म्हणायचे. दोघातिघांना मी चांगलं सुनावलं, मग ते बंद झालं.

'ठेवायला हवं होतं' या पक्षाचा पुढारी कोपऱ्यावरचा औषधवाला. आवाज असा की गिऱ्हाइकाचा खोकला आधी घाबरूनच बरा व्हावा. विरुद्ध पक्षात मुख्य माझा धाकटा भाऊ. तो शाळेत गणित शिकवतो. सख्ख्या बहिणीच्या घरात बसून, भावोजींच्याच चहात बिस्किट बुडवत, त्यांना काढलं ते बरोबरच केलं असं म्हणायला त्याला काही वाटत नाही.

"आता सांगा मास्तर, हा गोल कुलूप असता तर झाला असता?" औषधवाला विचारायचा.

"झाला असता. जरा उशिरा झाला असता."

"अरे, अनुभव म्हणून काही चीज असते की नाही?"

"असते ना. पण अनुभव पळत नाही. पळावं पायांनाच लागतं."

"तुम्ही जन्मात कधी हातात स्टिक धरली आहे का हो?"

"खडू धरलाय. गोल मोजायला तेवढा पुरतो."

सगळे हसायचे. आमचा नवरा मात्र यात एक शब्द बोलायचा नाही. खिडकीशी बसून टीव्हीकडे बघायचा. भाऊ बोलला की नख कुरतडायचा आणि औषधवाला बोलला की पाठ सरळ करून बसायचा. तोंडानं बोलत नसला तरी आठवडाभर हा त्या दोन तासांवरच जगत होता, हे मला दिसत होतं. सोमवारी जेवताना तोच विषय काढायचा. "औषधवाला म्हणत होता ते तसं खरंच आहे, नाही?" मी म्हणायचे, "औषधवाल्याला लंगड्या घोड्यावरसुद्धा पैसे लावता येतात, त्याच्या खिशातले नसले म्हणजे झालं."

टीम तिसऱ्यांदा हरली त्या दिवशी मी चहाचे कप उचलत होते. समोरच्यांचा आघाडीवाला डावीकडून घुसला, याच्या जागी घेतलेला नवा मुलगा पडला आणि चेंडू गोलच्या फळीवर खाडकन आपटला. सगळ्यांनी कपाळाला हात लावले. मी सहज नवऱ्याकडे बघितलं, तर हा हसत होता. मोठ्यानं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून. ज्या टीमसाठी यानं दात पाडून घेतले, ती हरली की दोन दिवस जो जेवायचा नाही, तो तिच्यावर गोल झाल्यावर हसत होता. मी कप घेऊन आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

त्याच आठवड्यात एका निवासी शाळेतून फोन आला. त्यांना खेळाचे शिक्षक हवे होते. पगार बरा, शाळेच्या आवारातच राहायला जागा, रोज सकाळी मुलांबरोबर मैदानात. मुख्याध्यापिका बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा खेळ आम्ही पाहिलाय. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते, तेवढ्यात कळवा." मला वाटलं, देव पावला. माझी मशीन काय, कुठेही चालते. शाळेत तर गणवेशच गणवेश.

नवरा म्हणाला, "बघू."

"बघू काय त्यात? परत वेळ आली तर अशी नोकरी मिळेल का?"

"अजून दोन मॅच हरू देत. मग बोलावतील मला."

"हरू देत?" मी विचारलं.

आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान फिरवली आणि गुडघ्याला मलम चोळत बसला.

मी औषधवाल्याच्या दुकानात गेले. म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही त्याला नादी लावू नका. महिना संपत आलाय, नोकरी हातची जाईल."

"वहिनी, नादी कसलं लावतोय? त्याचा हक्क आहे टीममध्ये. आम्ही खरं बोलतो इतकंच."

"तुमचं खरं तुमच्या काउंटरच्या आत ठेवा. बाहेर आम्हाला राहायचंय."

तो हसला आणि मला खोकल्याच्या गोळ्या फुकट दिल्या. मला खोकला नव्हता.

गुरुवारी क्लबचा मॅनेजर माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. टांगलेल्या पँटींमधून वाट काढत त्यानं विचारलं, "आहेत का घरी?" नव्या मुलाचं मनगट सरावात मोडलं होतं. दुसरा कोणी तयार नव्हता. नवरा जिन्यावरून खाली आला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही टाचत होते. मॅनेजर म्हणाला, "तीन मॅचपुरतं यायचं. फक्त तीन." मी स्पष्ट ऐकलं. आमच्या नवऱ्यानं 'यायचं' एवढंच ऐकलं.

मॅनेजर गेल्यावर मी म्हटलं, "ठीक आहे, जा. पण आधी शाळेला कळव, तीन मॅच झाल्या की येतो म्हणून."

त्यानं तिथेच फोन लावला. बाईंना म्हणाला, "नमस्कार. मला क्लबनं परत घेतलंय. आता काही जमणार नाही." माझ्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे मला ओरडताही आलं नाही. एकेक टाचणी काढून डबीत टाकेपर्यंत फोन ठेवून झाला होता. हा माझ्याकडे बघून हसला. गेल्या काही महिन्यांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मी बाही परत टाचायला घेतली.

रविवारी औषधवाल्यानं अर्धी गल्ली स्टेडियमवर नेली. माझा भाऊही आला. म्हणाला, "निकाल लागू दे एकदाचा."

पहिल्या पाच मिनिटांतच नवऱ्यानं एक टॅकल असा केला की समोरचा पोरगा पुढे निघून गेला आणि चेंडू मागे राहिला. लोक उठून उभे राहिले. औषधवाल्यानं माझ्या भावाच्या पाठीत असा धपका घातला की त्याचा चष्मा घसरला. माझेही डोळे भरून आले. मला वाटलं, चुकलेच मी, हा माणूस इथलाच आहे.

मग समोरच्यांच्या उजवीकडच्या आघाडीवाल्याला याचं कुठे अडतं ते समजलं. त्यानं चेंडू याच्या डाव्या अंगाला ढकलला आणि नुसता पळाला. नवरा वळला. वळायला त्याला जो वेळ लागला, तो इतक्या लांबून मलासुद्धा दिसला. गोल. थोड्या वेळानं तसाच दुसरा. पेनल्टी कॉर्नरला हा नेहमीसारखा गोलमधून सगळ्यांच्या पुढे धावला. ते त्याचं पंधरा वर्षांचं काम, फटका बसायच्या आत फटका मारणाऱ्याच्या अंगावर जायचं. तो अर्ध्या वाटेत असतानाच चेंडू त्याच्या बाजूनं निघून जाळ्यात गेला. तो पुढे धावतच राहिला, चार पावलं, उगाच.

पण मला गोल बघवत होते. बघवलं नाही ते पुढचं. आपल्याच टीमचा गोलकीपर ओरडायला लागला, "कुलपाकडे दोघं जा! दोघं!" आणि दोन पोरं आपापली जागा सोडून याच्या मागे येऊन उभी राहिली. आता टीममध्ये राखायची गोष्ट हाच होता. याला कोणी चेंडूही देईना. हा हात वर करून मागत होता आणि ते दुसरीकडे देत होते.

तिसऱ्या सत्रात प्रशिक्षकानं त्याला बाहेर बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना काहीतरी उत्तर असतं. औषधवाल्यानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि मग गाडी कुठल्या गेटजवळ लावली होती, ते भावाला विचारायला लागला. पाच गोलांनी हरलो.

दोन दिवसांनी मॅनेजरचा निरोप आला, विश्रांती घ्या, उरलेल्या मॅचचं आम्ही बघतो. मी नवऱ्याला न सांगता दुकानातून शाळेला फोन केला. बाई परत गोडच बोलल्या.

पुढच्या रविवारी नवऱ्यानं खुर्च्या वर आणल्या. टीव्ही लावला. औषधवाल्याचा निरोप आला की दुकानात मालाची मोजदाद आहे. बाकीच्यांचे निरोपही आले नाहीत. माझा भाऊ तेवढा आला. चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही.

"भावोजी, मी काय म्हणतो," तो कपात बघत म्हणाला, "त्या दिवशी टर्फ फार ओलं होतं. आणि तुमचा इतके दिवस सराव नाही. एका मॅचवरून काही ठरवता येत नाही."

नवऱ्यानं त्याच्याकडे बघितलं. "टर्फ सगळ्यांनाच ओलं होतं."

"नाही, पण अनुभवही मोजला पाहिजे ना कुठेतरी."

"तू पक्ष कधी बदललास?"

भावानं कप खाली ठेवला. त्याला पेपर तपासायचे असल्याचं आठवलं. जिन्यात मला म्हणाला, "ताई, मी चांगल्या हेतूनं बोललो गं." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच तर लागलं त्याला." तो गेला आणि मी वर येऊन टीव्हीचा आवाज बंद केला.

आणि मग मीच वाद घालायला लागले. मी, जिला हा विषय ऐकून ऐकून वीट आला होता.

"तो पहिला टॅकल काय साधा होता का? सगळं स्टेडियम उभं राहिलं."

"त्या पोराला माझा अंदाज नव्हता. पाच मिनिटांत आला."

"तुला कडेला ठेवलं हीच चूक. मधे ठेवायचं होतं."

"मधे असतो तर ते सरळच आत गेले असते. कडेनं यायचं म्हणून निदान वळसा पडला."

"आणि तो गोलकीपर? सगळ्यांसमोर ओरडतो म्हणजे काय?"

"तो ओरडला म्हणून तेवढ्यावर भागलं. मी त्याच्या जागी असतो तर आधीच ओरडलो असतो."

"तो नवा तरी काय मोठा लागून गेलाय? तोही पडतोच की."

"पडतो. पण उठून परत पळत येतो. मी चुकलो की तिथेच राहतो."

इतक्या वर्षांत हा आपल्या खेळाबद्दल एवढं कधी बोलला नव्हता. आवाज शांत, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसा. समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायचा, तसे माझे मुद्दे तो एकेक करून काढून घेत होता, आणि त्यात त्याची एकही चूक होत नव्हती. माझ्या भावाला जे तीन महिन्यांत सिद्ध करता आलं नाही, ते यानं दहा मिनिटांत केलं.

"शाळेचं काय झालं?" त्यानं विचारलं. "फोन केला असशील तू."

"केला होता. जागा भरली. कोणी पंचविशीचा मुलगा मिळाला म्हणे."

मला वाटलं, आता तरी चिडेल, निदान माझ्यावर ओरडेल, आधीच का जबरदस्ती केली नाहीस म्हणून. त्यानं मान हलवली.

"बरोबर केलं त्यांनी. माझ्यासाठी थांबण्यात काही अर्थ नव्हता."

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्याचा हात धरला. गार होता. माझ्याकडे आता एकच मुद्दा शिल्लक होता.

"मी ठेवलं असतं तुला," मी म्हटलं. "काहीही झालं असतं तरी."

त्यानं हात सोडवून घेतला नाही. टीव्हीकडेच बघत राहिला.

"तू बायको आहेस," तो म्हणाला. "तुझं मत यात धरत नाहीत."