डाव्या कानाखाली

वडिलांच्या खांद्याखाली उशी सरकवून तिनं त्यांची मान मागे झुकवली आणि जेल लावलं.

"गार आहे," ते म्हणाले. "अशानं पेशंट पळून जातील, चिमणे."

हे सोनोग्राफीचं सेंटर त्यांनीच उभं केलेलं. अंगावर फिरवायचा प्रोब धरायलाही तिला त्यांनीच शिकवलं, आणि हात कापायला लागले तसे मुकाट्यानं खुर्ची तिच्या हवाली करून घरी बसले. आता डाव्या कानाखाली गाठी आल्या होत्या. दाढी करताना हाताला लागल्या, म्हणाले. सर्दीच्या असतील, उगाच आईला घाबरवू नकोस.

त्यांच्याच शिस्तीप्रमाणे तिनं आधी उजवी, बिनतक्रारीची बाजू पाहिली. तिथल्या गाठी, सगळ्यांच्याच मानेत असतात तशा, घेवड्याच्या दाण्यासारख्या लांबट, मधोमध पांढरी रेघ. निरोगी. मग त्यांना तोंड भिंतीकडे करायला सांगून तिनं प्रोब डावीकडे टेकवला.

पडद्यावर गोल, काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या गाठी आल्या. तिनं कोन बदलला, पुन्हा बदलला. रेघ कुठेच नव्हती.

"काय म्हणतंय मशीन?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"सुजल्यात नुसत्या. लांबट आहेत, मधली रेघही छान दिसतेय."

"मापं?"

तिनं उजव्या बाजूची मापं सांगून टाकली.

ते उठून बसले आणि मान पुसत राहिले. ती पाठमोरी होऊन प्रोब साफ करायला लागली. आधी भावाशी बोलावं, मग काहीतरी निमित्त काढून त्यांना सुईच्या तपासणीला न्यावं, असं तिनं मनाशी जुळवायला घेतलं होतं.

"रविवारी मी येऊन गेलो इथे," ते म्हणाले. "किल्ली आहेच माझ्याकडे. स्वतःच प्रोब लावून बघितला."

तिचा हात थांबला.

"वाटलं, हात कापतोय म्हणून वेडंवाकडं दिसलं असेल. तेवढ्यासाठीच तुझ्याकडे आलो. आणि खरं सांगू, तू रेघ म्हणालीस ना, तेव्हा घटकाभर मला पटलंसुद्धा."

ती काहीतरी बोलणार होती. त्यांनी हातानंच नको म्हटलं. रागावले मात्र नव्हते. ते पुन्हा आडवे झाले, उशी आपणच ओढून घेतली आणि पडदा दोघांना दिसेल असा वळवला.

"हं, सांगा डॉक्टर."

ती सांगत गेली. गोल आहेत, रेघ नाही, चिकटल्यात. सुई घालून तपासल्याशिवाय कशाच्या ते म्हणता येणार नाही. या वेळी मापं तिनं डावीकडचीच सांगितली. ते एखाद्या परक्या माणसासारखे ऐकत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि लोक आयुष्यभर त्यांना जे विचारत आले तेच विचारलं.

"सुई फार दुखते का हो?"

"दुखते थोडी," ती म्हणाली.