लेस्टरकडे दुरुस्तीला दिलेली रायफल

मी एक रायफल. हरणाच्या शिकारीची, अक्रोडाच्या दस्त्याची, एके काळी चारचौघींत उठून दिसणारी. सध्या मात्र मी अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर भागात, लेस्टर ट्रेगो नावाच्या माणसाच्या घरी तीन ठिकाणी पडले आहे. नळी गॅरेजातल्या फळीवर, दस्ता जुन्या मोज्यात गुंडाळून वाइसच्या लोखंडी पकडीत, आणि गोळी नळीत सरकवणारा माझा बोल्ट, ज्याच्यावाचून मी नुसती काठी, तो लेस्टरच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली. बोलायला काही तोंड लागत नाही, म्हणून बोलते.

कारखान्यातल्या जन्माचं काय सांगायचं? तिथे सगळ्या बहिणी सारख्याच. मी मी झाले ती आर्व्हो निएमीने मला दुकानातून उचललं तेव्हा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको हेल्मी मला बघून म्हणाली, "एक घरात आली नाही तोच दुसरी आणलीस?"

"ही बोलत नाही," आर्व्हो म्हणाला.

"मग तुमचं दोघांचं झकास जमेल. तू तरी कुठे बोलतोस?"

खरं होतं ते. त्या गावातली फिनलंडच्या वंशातली माणसं सगळी तशीच. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जिवावर येतं. पण हेल्मी दोघांपुरतं बोलायची. नोव्हेंबरच्या मध्यावर शिकार सुरू झाली की अख्खं गाव जंगलात जायचं, आम्हीही जायचो. बाकीचं वर्षभर मी स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीवर असायचे आणि हेल्मी माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालायची. आधी राग यायचा. रायफलच्या जातीला शोभतं का हे? मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर हातमोजे नसले की मला उघडं उघडं वाटायचं.

मैलभर अंतरावरचा शेजारी हा लेस्टर. खाणीत तो आणि आर्व्हो एकाच पाळीला होते. आर्व्हो जेवढा अबोल तेवढा हा बोलघेवडा, पण हातात कला म्हणाल तर नावाला नाही. एकदा त्याने पाखरांसाठी लाकडी घर बनवलं. पाखरं त्याच्या छपरावर बसायची, आत काही एकही गेलं नाही.

हेल्मी फेब्रुवारीत गेली. फार दिवस अंथरुणाला खिळली नाही, एवढंच काय ते सुख. चाळीस वर्षांचा संसार, आणि घरात एकदम सामसूम. आर्व्होने शनिवारची वाफेच्या अंघोळीची सौना पेटवणं सोडलं. जेवायचा ते उभ्यानेच. बाकीच्या बंदुका त्याने पुतण्यांना देऊन टाकल्या, मी तेवढी राहिले.

एप्रिलमधल्या एका दुपारी त्याने मला भिंतीवरून काढलं. शिकारीला अजून अर्धं वर्ष होतं. मला टेबलावर ठेवून तो समोर बसला आणि माझ्यावर हात ठेवला. त्या हाताची मला किती वर्षांची ओळख, पण त्या दिवशी तो हात परका होता. मला ओरडायचं होतं, आणि मला ओरडायचा एकच प्रकार येतो.

तेवढ्यात दार ढकलून लेस्टर आत आला. हातात जॉयसने, म्हणजे त्याच्या बायकोने, केलेल्या खिमा-बटाट्याच्या मोठाल्या गरम करंज्या. त्याने आर्व्होकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. करंज्या त्याने माझ्याशेजारी टेबलावर ठेवल्या. मग तो म्हणाला, "हिचा दस्ता तडकलाय."

"नाही तडकला."

"तडकलाय. हे काय." त्याने एका जुन्या ओरखड्यावर नख ठेवलं. "मी करतो दुरुस्त. घरीच."

"तू?"

"शिकतोय मी बंदुकीचं काम."

"तुला दाराची कडी बसवता येत नाही, लेका."

"म्हणूनच तर शिकतोय."

आर्व्होने मला तळहाताने हळूच टेबलापलीकडे सरकवलं.

लेस्टर मला घेऊन तडक घरी आला. त्याने माझा बोल्ट काढून जॉयसच्या हातात दिला. "लपवून ठेव."

"आर्व्हो?" जॉयसने विचारलं. त्याने मान हलवली. "अरे, मग बोल की त्याच्याशी."

"काय बोलू? आजवर आम्ही बर्फ आणि हरणं सोडून कशावर बोललोय?"

जॉयस त्याच्यापेक्षा धीट. तिने दुसऱ्याच दिवशी आर्व्होला गाठलं. "मला शहरातल्या डॉक्टरकडे जायचंय आणि त्या रस्त्यावर गाडी चालवायला भीती वाटते, सोबत चल," म्हणाली. तिथे गेल्यावर डॉक्टरसमोर त्यालाच बसवलं. तेव्हापासून ती त्याला महिन्यातून एकदा नेते. तो मुकाट्याने जातो.

इकडे माझे धिंडवडे सुरू झाले. लेस्टरला खरंच काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने लाकडी ठोकळा न घेता नुसत्या बोटांनी पॉलिश पेपर घासला, आणि माझ्या सपाट अंगावर खळगे पडले. ते घालवायला आणखी घासला, तर लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलं. रंग दिला तो बिटासारखा लाल. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. दर शनिवारी सकाळी आर्व्हो कॉफीला यायचा आणि दारातूनच विचारायचा, "झाली?"

"चूक झालीय जरा. ती निस्तरतो, मग देतो."

मग दोघं वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खायचे आणि माझ्यावर काय काय संकटं आली ते लेस्टर रंगवून सांगायचा.

कळस झाला तो जूनमध्ये. दस्ता नळीला घट्ट बसावा म्हणून त्याने मध्ये एपॉक्सी नावाचा जबर गोंद भरला. लोखंडाला आधी मेण लावायचं असतं, नाहीतर ते लाकडाला कायमचं चिकटतं. हे त्याने वाचलं, पण चिकटवून झाल्यावर. ओढलं, ठोकलं, शिव्या दिल्या. मी जागची हलेना. शेवटी कुणीतरी सांगितलं, थंडीत ठेव, सुटेल.

त्या शनिवारी आर्व्हो आला तेव्हा जॉयस फ्रीझरचं झाकण धरून उभी होती. "आर्व्हो, तूच बघ. माझ्या ब्लूबेरी बाहेर, आणि ही बया आत. आता रात्री जेवायला हिलाच वाढते ह्याला."

आर्व्हो आत डोकावला. मी मटारांच्या पिशव्यांत पाय पसरून पडले होते. त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं खोकला. तो हसत होता. हेल्मी गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तो तिथल्याच पालथ्या बादलीवर बसला आणि रडला. लेस्टर त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेला, तो हात अर्ध्यात थांबला, आणि मग त्याने मटारांची पिशवी उगाच इकडची तिकडे केली.

मी फ्रीझरमधून सुटले. आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली, कारण लेस्टर शिकला. चुका निस्तरता निस्तरता त्याचा हात बसला. खळगे त्याने भरले, लाल रंग खरवडला, नवं लाकूड जोडलं तर जोड दिसेना. जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन तळव्याने चोळत राहिला. सप्टेंबर संपता संपता माझं अंग असं तुकतुकीत झालं की कारखान्यातही नव्हतं. तो मला खिडकीपाशी नेऊन वळवून वळवून बघायचा. बापड्याने जन्मात पहिल्यांदा काहीतरी चांगलं केलं होतं.

आर्व्होने बघितलं. "झाली की."

"एखादा हात तेलाचा राहिलाय."

"छान केलीस." तो उभ्यानेच कॉफी प्यायला. "हेल्मीचे कपडे चर्चमध्ये दिले काल. घरही झाडून काढलं. आता आवरायचं असं काही उरलं नाही. पुढच्या शनिवारी हिला नेतो."

आवाज अगदी शांत होता. तो शांतपणा मी एप्रिलमध्ये ऐकला होता. लेस्टरनेही ओळखला.

आर्व्होची गाडी वळणाआड गेली. लेस्टर माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने मोठ्यातली मोठी कानस घेतली आणि जिथे माणूस गाल टेकतो, जिथे त्याचं काम सर्वांत सुरेख उतरलं होतं, तिथे चालवली. डोळे गच्च मिटून. एकदा, दोनदा, हाडापर्यंत म्हणावं इतकी खोल. जॉयस दारात आली, तिने बघितलं, आणि आत गेली. मला दुखलं का? दुखलं. पण तेवढ्या प्रेमाने मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

शनिवारी आर्व्हो आला. लेस्टर मान खाली घालून म्हणाला, "कानस घसरली."

आर्व्होने मला हातात घेतलं. त्याने जन्मभर घरचं लाकूडकाम स्वतः केलंय. घसरलेली कानस कशी दिसते आणि मुद्दाम दाबलेली कशी, ते त्याला कुणी सांगायला नको. त्याचा अंगठा त्या जखमेवरून गेला, परत आला. आता काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं.

मग आर्व्होने दस्ता उलटा केला आणि मागच्या टोकाशी बोट ठेवलं. तिथे काहीही झालं नव्हतं. ती जागा अगदी निर्दोष होती.

"इथेही बिघडलंय," तो म्हणाला.

लेस्टरने वाकून बघितलं. "हो. बिघडलंय खरं."

"घाई करू नकोस."

"नोव्हेंबरपर्यंत होणार नाही मग."

"नको होऊ दे. मला अजून..." आर्व्हो थांबला. "मला अजून माझाच भरवसा नाही, लेस्टर. तुझ्याकडेच असू दे."

"असू दे," लेस्टर म्हणाला, आणि कॉफी ओतायला वळला. त्याने इतकी ओतली की बशी भरून टेबलावर सांडली.

त्याला आता तीन हिवाळे झाले. माझ्यावर जखम होते, भरते, पुन्हा होते. लाकूड झिजून झिजून मनगटाएवढं उरलं आहे. जंगलाचा वास मी विसरत चालले आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटतं. बंदूक म्हणून माझं आयुष्य संपलं. पण मी पुरी झाले असते तर काय झालं असतं, ते मला कळतं, आणि मग मी वाइसमध्ये गप्प पडून राहते.

शनिवारी सकाळी लेस्टर कानस खाली ठेवतो आणि रस्त्याकडे कान लावून बसतो. कधी आर्व्होला उशीर होतो. बर्फ असतं, गाडी चालू होत नाही. तेवढ्या वेळात लेस्टर दोनदा दारापर्यंत जाऊन येतो, आणि जॉयस चुलीपाशी उभी राहून खिडकीतून बघत असते.

आर्व्हो, मी अजून झालेली नाही रे. पुढच्या शनिवारीही झालेली नसेन. तू आपला ये, आणि दारातून विचार.