चौऱ्याण्णव रडकी तोंडं

सिनेमा मुलांचा होता, त्यामुळे तो मुलं सोडून सगळ्यांना खटकला.

प्रदर्शनाआधी एका रविवारी सकाळी एकशेबारा मुलांना, पालकांसकट, फुकट दाखवला होता. बाहेर पडताना प्रत्येकाला एक कार्ड दिलं. 'सिनेमा कसा वाटला?' आणि खाली तीन तोंडं: हसरं, मख्ख, रडकं. चौऱ्याण्णव कार्डांवर रडक्या तोंडावर खूण आली.

"चार मिनिटं काढ," निर्माते एडिटरला म्हणाले.

निर्माते म्हणजे तिचे सख्खे मामा. हे काम त्यांनीच तिला दिलं होतं, आणि दिल्या दिवसापासून ते थोडं थोडं परत घेत होते.

"कुठली चार मिनिटं, मामा?"

"माहितीये तुला, बाळा."

माहीत होतंच. एक मुलगी मेलेल्या भावाची सावली परत आणायला जमिनीखालच्या बिनतोंड्या राजाकडे जाते. राजा देत नाही. ती भांडते, थकते, आणि तिथेच पायरीवर बसून राहते. चार मिनिटं. संगीत नाही, संवाद नाही. ती चार मिनिटं जुळवायला एडिटरने अकरा आठवडे घातले होते. बाकीचा सिनेमा, तिच्या मते, तिथपर्यंत पोहोचायचा जिना होता.

"त्याजागी ससा टाकू," मामा म्हणाले. "गाणारा."

"सिनेमात ससा नाहीये."

"आहे की. सुरुवातीला कुंपणाजवळून जातो."

"तो शूटिंगमध्ये घुसला होता, मामा."

"पण काय सहज वावरलाय."

मामांवर ओरडायची घरात पद्धत नव्हती. तिने कार्डांचा गठ्ठा उचलला आणि एकेक कार्ड असं पलटलं की प्रत्येक वेळी कुणाच्या तरी थोबाडीत बसावी. 'माझा मुलगा रात्रभर झोपला नाही,' एकावर लिहिलं होतं, सकाळी साडेअकराला. दुसऱ्यावर, 'चिमुरडी आता जिन्याखाली जाणार नाही.' अक्षर वळणदार, खाली सही, सहीखाली पदवी.

"चिमुरडीनं एम.ए. कधी केलं?"

"पालकांनी मदत केली असेल."

"पालकांनीच भरलीयत सगळी. परत खेळ लावा. पालक बाहेर, पोरं आत, पेन्सिल पोरांच्या हातात."

"आणि तेव्हाही रडकीच आली तर?"

"तर मी माझ्या हातानं कापते," ती म्हणाली. रागात माणूस असं काहीबाही कबूल करून बसतं.

पुढच्या रविवारी पोरं आत गेली. ती चार मिनिटं आली तेव्हा एक खुर्चीसुद्धा कुरकुरली नाही. मग दिवे लागले आणि कार्डं मोजली. रडकी तोंडं एकशेनऊ. दोघींनी चौथ्या तोंडाचा गोल काढून रिकामा ठेवला होता. एकाने कार्ड खाल्लं होतं.

"आकडा वाढला, बाळा," मामा म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यात जास्त संताप तिला त्या हाताचा आला.

पुढचे दात पडलेला एक मुलगा समोरून चालला होता. तिने त्याला थांबवलं.

"ए शहाण्या, रडक्यावर का रे खूण केलीस?"

"तिचा भाऊ मेला. हसायचं होतं?"

"म्हणजे सिनेमा वाईट होता?"

"असं कोण म्हणालं?"

"हे काका म्हणतायत, तिचं ते बसणं काढू आणि ससा टाकू. ससा गाणं म्हणेल."

मुलाने मामांकडे नीट पाहून घेतलं.

"मग ती बसणार कधी?" त्याने विचारलं. आणि निघून गेला.

"लहान आहे," मामा म्हणाले. "त्याला काय कळतंय."

"मामा, तुम्ही पाहिलीयत का हो ती चार मिनिटं?"

"शंभरदा."

"एकदाही नाही. दर वेळी तुम्हाला फोन येतो आणि तुम्ही बाहेर जाता. तो फोन वाजलेला मी आजवर ऐकलेला नाही."

मामांनी खिशातला फोन चाचपला. तो आताही वाजत नव्हता.

"मला बघवत नाही ते," ते शेवटी म्हणाले. "वाटतं, ही आता काही उठत नाही."

"मग कार्डावर स्वतःचं नाव घाला. पोरांच्या नावावर कशाला घाबरता?" तिचा आवाज चढला होता. घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडतेय. कापायचं तर दुसरा माणूस आणा, आणि कापताना त्याच्या शेजारी तुम्ही बसा. चारही मिनिटं."

मामांनी कार्डांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि दार ढकलून बाहेर गेले. तिला वाटलं होतं, आता राग उतरेल. ती पुन्हा एकेक कार्ड तसंच पलटायला लागली.

बाहेर पालकांनी मामांना घेरलं. "काढताय ना ते भयंकर?" एका आईने विचारलेलं तिला उघड्या दारातून ऐकू आलं.

"नाही."

"का पण?"

"भाची ऐकत नाही," मामा म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्यांच्यातच बसले.