चावीवाल्याचे तीन सेकंद

सीमा परबचं मनगट भायखळ्याच्या भाजी बाजारात मोडलं. कोबीच्या पानावरून पाय सटकला, तिने उजवा हात टेकला आणि सगळा भार त्यावर आला. प्लेट बसली, टाके सुकले, पण बोटं लाकडासारखी राहिली.

एकवीस वर्षं ती घोडपदेवच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होती. तान्ह्या बाळांची, म्हाताऱ्यांची नस सापडेनाशी झाली की सगळे तिलाच हाक मारायचे. आता तिला नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं.

"इथेच राहा आता," लॅबचे प्रमुख चिंतामणी सर म्हणाले. "आरामाचं काम आहे."

सीमाला आराम नको होता. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेला रबरी बॉल ती सकाळ-संध्याकाळ दाबायची आणि दाबता दाबता वैतागायची.

एका रविवारी ती चाळीखालच्या गाळ्यात मिक्सर दुरुस्तीला घेऊन गेली. गाळा लिओनार्ड फरेरांचा. पूर्वी तिथे त्यांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. ते बंद होऊन जमाना झाला, तरी एक मशीन त्यांनी विकलं नव्हतं.

"डाव्या हातात दांडी, उजव्या हाताला दोन बटणं," अंकल तिच्या हातातल्या बॉलकडे बघत म्हणाले. "बॉलपेक्षा बरं. खेळून बघ गो."

गेम खेळण्यांच्या दुकानातल्या रखवालदाराचा होता. रखवालदाराने एकेक मजला चढायचा आणि बिथरलेली खेळणी आवरायची. त्यांतलं एक होतं पत्र्याचं, ढोल वाजवणारं, पाठीत चावी असलेलं. पार्लरमधली मुलं त्याला चावीवाला म्हणायची. गेमचे तीन भाग आले, बाकी शत्रू बदलले, हा मात्र प्रत्येक भागात हजर. अंकलकडे होता तिसरा भाग आणि त्यात तो सगळ्यात वाईट होता. एका फटक्यात पडायचा, पण पडल्या पडल्या चावी आपोआप फिरायला लागायची. तीन सेकंदांत दोन्ही बटणं आलटून पालटून दहा वेळा दाबली तर तो संपला. नाहीतर लाल होऊन उठायचा आणि दुप्पट वेगाने अंगावर यायचा.

सीमाची बोटं चौथ्या दाबालाच अडकली. चावीवाला उठला, रखवालदार गेला.

"परत," ती म्हणाली.

मग रोज लॅब सुटली की तासभर ती गाळ्यात. चार दाबांचे पाच झाले, पाचाचे सहा. मनगट ठणकलं की ती थांबायची, गरम पाण्यात हात बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. महिना झाला तरी गाडी सातावरच होती. एक दिवस तिथेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अंकलनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चावीवाला संपला. सीमा ओरडलीच. पण वरच्या मजल्यावर दुसरा चावीवाला पडला आणि तिची बोटं थांबली. मनात सेकंद मोजत ती नुसती बघत राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच. तेव्हा कुठे तो उठला.

"अंकल, हा आज उशिरा का उठतोय?"

लिओनार्ड अंकल मिक्सरमध्ये डोकं घालून बसले होते. "मशीन जुनं झालं."

"अंकल."

त्यांनी पाना खाली ठेवला. "आत एक स्विच असतो. सोपं, मध्यम, कठीण. काल तू रडलीस, मला बघवलं नाही."

"तिकडे लॅबमध्ये सर मला आराम देतात, इकडे तुम्ही!" सीमाचा आवाज चढला. "सोप्या नसा शोधायला माझी गरज कोणाला आहे? होता तसा करा."

अंकलनी मशीनचं मागचं दार उघडलं.

पुढचे तीन आठवडे ती हरतच राहिली. आठ, आठ, नऊ. मग एका मंगळवारी चावीवाला पडला, बोटं आपली आपण चालली आणि तो उठला नाही. सीमाने श्वास सोडला. वरच्या मजल्यावर चार चावीवाले एकदम आले आणि तिला चिरडून गेले. ती हसायला लागली.

बुधवारी सकाळी ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझी परीक्षा घ्या. बोटं चालतायत."

"पेशंटवर प्रयोग नको, सीमा."

"पेशंटवर नको. तुमच्यावर."

सरांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी शर्टाची बाही वर सरकवली. सीमाने पट्टा बांधला, नस चाचपली, सुई घातली. रक्त आलं नाही. नस बाजूला सरकली होती. सुई काढून तिने कापूस दाबून धरला. बोटं कुठेही अडकली नव्हती, हे दोघांनीही पाहिलं.

"राहू दे," सर म्हणाले.

"दुसरा हात द्या, सर."

तिच्या आवाजात विनंती नव्हती. सरांनी दुसरी बाही वर केली. या वेळी ती घाईने पुढे गेली नाही. बोटाच्या टोकाने नस पक्की केली, डाव्या अंगठ्याने कातडी ताणली आणि मग सुई. ट्यूब भरायला लागली.

सर ट्यूबकडे बघत राहिले. "सकाळचे दोन तास," ते म्हणाले. "पहिला महिना मी शेजारी उभा राहणार."

"राहा," सीमा म्हणाली. ट्यूबवर सरांचं नाव लिहून ती बाहेर आली. बाकावर सात जण बसले होते. तिने पहिल्या पेशंटला आत बोलावलं.