आभाळ उघडं होतं

सपनाचं विमान पाडलं, ही बातमी शिरड शहापुरात आधी टीव्हीवर आली आणि तिच्या घरी नंतर. मालनबाई रानात होती. थोरला रत्नपाल बांधावरून धावत आला. आईचा हात धरून तो नुसता उभा राहिला.

सपना मालनबाईची धाकटी. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नर्स होती. सुटी काढून गावाकडं निघाली होती. वाटेतल्या एका देशात लढाई पेटलेली. विमान त्या देशावरून जात असताना खालून मिसाइल सुटलं आणि त्यानं विमान हवेतच फोडलं. मिसाइल कुणाचं, यावर लढणाऱ्या दोन्ही बाजू एकमेकींकडं बोट दाखवत राहिल्या.

पुष्कळ आठवड्यांनी एक सीलबंद पेटी आली. उघडू नका, असं सोबतच्या साहेबानं बजावलं.

पेटीवर हात ठेवून मालनबाईनं विचारलं, "हिच्यात माझी सपनाच हाय का?"

"तपासणी झालीय, ताई," खाली बघत साहेब म्हणाला.

विहारापुढं त्रिशरण-पंचशील झालं आणि पेटी न उघडताच चितेवर गेली. त्या दिवसापासून तिचा नवरा भिवाजी जवळजवळ मुकाच झाला. जेवायला हाक मारली तर यायचा, नाही मारली तर ओट्यावर बसून राहायचा.

मग एका दुपारी, इतक्या दिवसांनी धीर करून, निलम आली. वसमतची पोरगी, सपनाच्याच दवाखान्यातली. दोघी एकाच खोलीत राहायच्या. मालनबाईच्या कुशीत शिरून ती रड रड रडली, आणि पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, मी बी त्याच दिवशी निघाले व्हते. माझं तिकीट दुसऱ्या कंपनीचं व्हतं."

"मंग तुझं इमान कुठून आलं?"

"फेऱ्यानं आलं. पायलटनं सांगितलं ना, खाली लढाई चालू हाय, आपुन तिकडून जात न्हाई, उशीर व्हईल. लोकं लई कुरकुरले. मी बी कुरकुरले." तिनं तोंड ओढणीत लपवलं.

मालनबाई तिच्याकडं बघतच राहिली. आजवर तिनं मनाची अशी समजूत घातली होती की हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. ध्यानात आलं होतं तर! एकाला कळलं आणि तो वळला. दुसरा सरळ गेला.

संध्याकाळी ती भिवाजीजवळ बसली. "आवो, ते इमान तिकडून कोनं जाऊ देलं?"

"लढाईत कोन कोनाला इचारतं, मालन," भिवाजी म्हणाला. "मारनारानं मारलं."

"मारनाराचं मी न्हाई इचारून राहिले. वाट उघडी ठेवनाराचं इचारून राहिले."

भिवाजी उठून आत गेला.

बऱ्याच देशांची मिळून एक चौकशी समिती बसली. मेलेल्यांच्या घरच्यांना तिच्यापुढं बोलता येईल, असा निरोप आला. रत्नपाल आईला घेऊन हिंगोलीला कलेक्टर कचेरीत गेला. भिंतीवरच्या पडद्यावर दूरदूरचे चेहरे, शेजारी हिंदीत समजावून सांगणारा दुभाषा. मालनबाईची पाळी आली तशी ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"खाली लढाई चालू हाय, हे तुमाला ठाव व्हतं का?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "त्या उंचीवरचं आकाश अधिकृतपणे खुलं होतं, मॅडम. आम्ही नियमातच होतो."

लढाई चालली होती त्या देशाच्या विमान खात्याचा माणूस म्हणाला, "खालचं आकाश आम्ही बंद केलं होतं."

"खालचं काहून बंद केलं?"

"खाली धोका होता."

"आन् वर न्हाई, हे कोन बघून आलं?"

दुभाष्यानं ते सांगितलं. पलीकडच्या माणसानं चष्मा काढला, पुसला. एवढ्या उंचीवर पोचणारं हत्यार तिथं आहे अशी खात्री नव्हती, असं तो बोलला.

आपल्या सरकारच्या साहेबानं सांगितलं, परक्या देशाचं आकाश बंद करणं आपल्या हाती नसतं, आपण आपल्या कंपन्यांना फक्त सल्ला देतो. दुसऱ्यांच्या कंपन्यांना तोही नाही.

"मंग आपल्यांना देला व्हता का?"

"दिला," तो म्हणाला. "नंतर."

मालनबाई आणखी काही विचारणार होती. पडद्यावर दुसऱ्या घरचे लोक आले.

बाहेर येताना रत्नपाल म्हणाला, "माय, इमान पडलं त्याच सांजेला त्यायनं समदं आभाळ बंद केलं. मी वाचलं व्हतं. तुला सांगितलं न्हाई."

मालनबाई जिन्यातच खाली बसली. लोक वरखाली करत होते, कुणी तरी पाणी आणून दिलं. "एका सांजेचं काम व्हतं," एवढंच ती म्हणाली.

अहवाल यायला फार काळ गेला. रत्नपालनं ओट्यावर बसून मोबाइलवर वाचून दाखवला. आकाश बंद करायला त्या देशाकडं पुरेसं कारण होतं, तरी केलं नाही. विमानं वळली असती तर वरून जाण्यासाठी कंपन्या त्या देशाला देतात ते भाडं बुडालं असतं, हेही लिहिलं होतं. कंपन्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये, अशी शिफारस होती.

"नावं?" मालनबाईनं विचारलं.

"नाव कोनाचंच न्हाई, माय."

"म्हंजी कोनीच न्हाई," भिवाजी म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडला. मालनबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

विमानात बसायच्या धास्तीनं निलम इतके दिवस घरीच राहिली होती, पण आता तिला परत जाणं भाग होतं. घर तिच्यावर चालत होतं. निघताना पाया पडायला आली तेव्हा मालनबाई म्हणाली, "बसायच्या आधी इचार, माय. इमान कुठून जानार हाय ते इचार."

हैदराबादच्या विमानतळावरून निलमचा फोन आला. "मावशी, इचारलं. खिडकीतली पोरगी म्हनली, वाट आमाला सांगत न्हाईत."

"आनखी कोनाला तरी इचार."

"दोघांना इचारलं. कोनालाच ठाव न्हाई. हसले ते." मागं घोषणा चालू होती. "जाऊ का, मावशी?"

मालनबाईला पोरीला थांब म्हणावंसं वाटलं. पण थांबून ती खाणार काय, हे सांगता येईना. पाठवायचं कोणत्या भरवशावर, तेही सांगता येईना.

"तुझं तू बघ, लेकरा," ती शेवटी म्हणाली, आणि त्या साहेबांसारखे आपणही हात झटकले म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. "न्हाई, थांब. फोन ठिवू नको. इमानाचं दार लावंस्तोर बोलत राहा."

निलम विमानात जाऊन बसेपर्यंत बोलत राहिली, आणि दार लागलं तसा फोन बंद झाला.