योखेनची चार मिनिटं

"चार मिनिटं! चार मिनिटांत नऊ गुण दिले रे त्याने समोरच्यांना!" श्रीरंगने हातातला प्रेट्झेल राजानंदच्या नाकासमोर नाचवला. "आता तरी सांग, हा तुझा योखेन टीममध्ये हवाय कशाला?"

मध्यंतर झालं होतं. दोघं हॉलच्या कठड्याला टेकून उभे होते आणि भांडण नेहमीचंच होतं. जर्मनीतल्या फ्रँकेन भागातलं ते एवढंसं गाव. पण गावाचा बास्केटबॉलचा संघ होता, दुसऱ्या लीगमधला का होईना, चांगला पगारी खेळाडूंचा. पहिल्या पाच जणांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. सगळी मारामारी बाकावरच्यांवरून. त्यांच्यातल्या कुणाला उठवावं, किती मिनिटं खेळवावं, यावर बेकरीतल्या बाईपासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला मत होतं. मग रोज एकाच गाडीने एर्लांगेनला कामाला जाणाऱ्या या दोन मराठी इंजिनियरांना ते नसलं तरच नवल.

राजानंदचं मत होतं, योखेनला खेळवावं. बत्तीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला हा उंच माणूस सामन्यात चार-पाच मिनिटंच उतरायचा, घामाघूम व्हायचा आणि मुकाट्याने परत येऊन बसायचा. का कोण जाणे, राजानंदचा त्याच्यावर जीव होता.

"मेहनती आहे रे तो," राजानंद म्हणाला.

"मेहनती!" श्रीरंग हसला. "तुम्हा लोकांचं ना हे एक आहे. कुणी मागे राहिलेला दिसला की लगेच पाझर फुटतो. अरे बाबा, खेळ आहे हा. इथे मेरिट चालतं."

श्रीरंग माणूस वाईट नव्हता. राजानंदची बायको यामिनी आजारी होती तेव्हा आठ दिवस याच्या घरून डबा आला होता. पण जिभेला हाड नसतं. 'तुम्हा लोकांचं' म्हणून तो मोकळा झाला आणि प्रेट्झेल खाऊ लागला. राजानंदला मात्र ते शब्द बोचले. नागपूरच्या कॉलेजात चार वर्षं तो 'कोट्यातला' होता, वर्गात तिसरा आला त्या वर्षीसुद्धा. जर्मनीत आडनावावरून कुणी काही ओळखत नव्हतं. ओळखणारा गावात एकटा श्रीरंगच होता.

"मी कुणाची बाजूबिजू घेत नाही," तो जरा जोरातच म्हणाला. "आकडे सांगतील ते खरं."

"मग आण ना आकडे! बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर!"

आकडे होतेच. राजानंद हौसेने प्रत्येक सामन्याची वही ठेवायचा. कुठला खेळाडू कितव्या मिनिटाला उतरला, कधी बाहेर आला, तेव्हा गुण किती होते, दोन्ही संघांचं सगळं. रविवारी त्याने बाकावरच्यांचा हिशोब मांडला. मैदानावर असताना संघ किती गुणांनी वर गेला किंवा खाली आला, एवढंच. डेन्मार्कहून नवीन आलेला लार्स अधिक एकवीस. योखेन सगळ्यांच्या तळाशी, उणे अडतीस.

तेव्हाच त्याला वही मिटता आली असती. मिटली नाही. उलट, खोटं कशाला बोला, त्याला आतून बरं वाटलं. आपल्याच आवडत्या माणसाला आपणच शेवटच्या नंबरावर बसवलं. म्हण आता कोण कुणाची बाजू घेतं ते! सामन्याच्या दिवशी हॉलच्या दारात वाटतात त्या 'हालेनहेफ्ट' नावाच्या पत्रकाचे संपादक, म्हातारे कोल्ब, त्याच्या ओळखीचे होते. त्याने तो तक्ता त्यांना पाठवून दिला. वर मथळाही स्वतःच घातला, 'बाकावरच्यांपैकी मिनिटांना लायक कोण?'

"मानलं बुवा!" श्रीरंग म्हणाला. "एकदम ऑब्जेक्टिव्ह माणूस आहेस तू." तो शब्द राजानंदने एर्लांगेनपर्यंत जिभेवर घोळवला.

पुढच्या तीन सामन्यांत योखेन बाकावरून उठलाच नाही. आमचे प्रेक्षकसुद्धा आता मोजायला शिकलेत, असं प्रशिक्षकाने स्थानिक पेपरला सांगितलं. नवं वर्ष, २००७ साल उजाडलं आणि क्लबने दोन ओळींची बातमी दिली. परस्परसंमतीने योखेन जानेवारीअखेर संघ सोडणार, उत्तरेकडच्या कुठल्याशा लहान क्लबात जाणार.

त्या रविवारी जेवताना कीर्ती ताटाला हात लावेना. राजानंदची ही अकरा वर्षांची मुलगी. दर बुधवारी गावातल्या मुलींना बास्केटबॉल योखेनच शिकवायचा. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"पापा, ते टेबल तू केलंस ना? आमच्या ग्रुपमधल्या लेओनीची आई सांगत होती."

"हो, मीच केलं. पण त्यात चूक काही नाही बाळा. आकडे आहेत ते."

"ब्रायन तेव्हा बाहेर होता, हे लिहिलंयस त्यात?"

ब्रायन म्हणजे संघाचा मुख्य उंच खेळाडू. राजानंदला प्रश्नच कळला नाही. कीर्तीने मोठ्यांसारखा सुस्कारा सोडला.

"ब्रायनला तीन फाऊल झाले की, पाच होऊन तो बाद होऊ नये म्हणून, त्याला बाहेर काढतात आणि योखेनला घालतात. नेहमी तेव्हाच. मग समोरच्यांचा सगळ्यात मोठा माणूस योखेनच्या अंगावर येतो. लार्स जातो तो आपण पुढे असताना. पापा, हे तर आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत आहे!"

राजानंद हात धुऊन उठलाच. वही काढली.

"अहो, भात निवून राहिला," यामिनी आतून म्हणाली. तो कुठला ऐकतोय!

या वेळी त्याने फक्त तेवढाच वेळ वेगळा काढला, ब्रायन बाहेर आणि समोरचा मोठा खेळाडू आत. तेव्हा योखेन असला तर दहा मिनिटांत संघ तीन गुण गमवायचा. त्याच जागी दुसरं कुणी असलं तर नऊ. तीन वेळा मोजलं. बाकावरचा सगळ्यात कामाचा माणूस योखेन होता. हे सगळं त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. कंपनीत एक्स-रे यंत्रं तपासताना त्याने असा तक्ता केला असता तर साहेबाने तोंडावर फेकला असता. अवघड पेशंट ज्या यंत्रावर पाठवायचे, त्याच्याच चुका मोजायच्या, असं कुणी करतं का?

आणि मग त्याला ते आठवलं. अंगावर पाल पडावी तसा शहारला.

यामिनी दारात येऊन उभी होती. तिने वही पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं. तिला फार सांगावं लागलं नाही.

"तुमच्या पहिल्या नोकरीत हेच केलं होतं ना हो त्यांनी?"

हेच केलं होतं. कारखान्यातली सगळ्यात जुनी सहा मशिनं त्याच्या गळ्यात मारली होती आणि दर महिन्याला ब्रेकडाउनची यादी कँटीनच्या दारावर लागायची. पहिलं नाव त्याचं. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणायचा, "आकडे खोटं बोलत नाहीत, राजानंद." दीड वर्षाने त्याने ती नोकरी सोडली होती. आणि आज त्या सुपरवायझरची गादी त्यानेच चालवली होती, तीही हौसेने.

"मला लाज वाटते गं," तो म्हणाला.

"मग जाऊन सांगा त्याला," यामिनी म्हणाली. "माझ्यापाशी सांगून काय उपयोग?"

कोल्बना फोन केला. ते म्हणाले, पुढचा अंक फेब्रुवारीत, आणि आता त्या गोष्टीचं काय? सोमवारी गाडीत श्रीरंग म्हणाला, "सोड ना यार. तुझं टेबल नसतं तरी काढलाच असता त्याला."

"नसता काढला." राजानंद थांबला. मग इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "श्रीरंग, तू त्या दिवशी 'तुम्हा लोकांचं' म्हणालास. म्हणजे कुणाचं रे?"

श्रीरंगचा चेहरा खर्रकन उतरला. "मी? मी कुठे काय म्हणालो? काहीतरीच काय!"

"राहू दे. तुझं तुझ्यापाशी. पण तुला दाखवण्यासाठी मी एका माणसाला खाली घातलं, ते माझं आहे."

बुधवारी संध्याकाळी पाचला तो कीर्तीबरोबर शाळेच्या हॉलमध्ये गेला. योखेनचा शेवटचा तास होता. बाहेरचे बूट आत चालत नाहीत, म्हणून राजानंद मोज्यांवरच, बूट हातात धरून, योखेनपाशी गेला. जवळून तो माणूस आणखीच उंच वाटत होता. राजानंद पाठ करून आणलेलं सगळं विसरला.

"तो तक्ता मी केला होता. चुकीचा होता. चूक माझी आहे," तो म्हणाला आणि नवा कागद पुढे केला. "हा बरोबर आहे. मी प्रशिक्षकालाही पाठवलाय. मला माफ कर."

योखेनने कागद घेतला. बराच वेळ वाचला. मुली मागे चेंडू आपटत होत्या.

"पहिला मी घरी तपासून पाहिला होता," तो शांतपणे म्हणाला. "बेरीज बरोबर होती. बायको चिडली होती. मीच तिला म्हटलं, चिडू नकोस, आकडे आहेत. मला इतकी वर्षं वाटायचं, माझा काहीतरी उपयोग होतोय. म्हटलं, नसेल होत. जाताना कळलं, तेही बरंच झालं."

"होत होता!" राजानंद जवळजवळ ओरडलाच. "सगळ्यांपेक्षा जास्त होत होता. इथे लिहिलंय बघ!"

योखेनने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"खरं सांग. हे तू खरंच मोजलंस, की मला बरं वाटावं म्हणून केलंस?"

"मोजलं. तीन वेळा मोजलं."

"बरं," योखेन म्हणाला आणि हसला. अदबीने, ओठांपुरतं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, राजानंदच्या खांद्यावर थोपटलं, म्हणाला, "धन्यवाद. तू आलास, हे चांगलं केलंस."

ते हसू राजानंदला ओळखीचं होतं. कुणी कामाची तारीफ केली की वीस वर्षं तो स्वतः तसाच हसत आला होता, आणि हसता हसता समोरच्याच्या चेहऱ्यावर शोधत आला होता, याला खरंच असं वाटतं की आपली कीव येतेय? एकदा ती शंका शिरली की आकडे दाखवून निघत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि ती शंका या भल्या माणसाच्या मनात त्याने स्वतःच्या हाताने घातली होती.

मुलींनी हाका मारल्या. योखेन पट्टी वर ओढून मैदानात गेला आणि सगळ्यात दांडग्या मुलीसमोर हात पसरून उभा राहिला. "हिला मी धरतो," तो म्हणाला. "तुम्ही बाकीच्या पळा."

तास संपायला अजून चाळीस मिनिटं होती. भिंतीलगत बाक रिकामाच होता. राजानंद बसला नाही. गार फरशीवर, मोज्यांवर, बूट हातात घेऊन उभाच राहिला.