घडीचं चित्र

आमच्या चित्रताईंना सगळं कळतं. काळा रंग घेतला की दुःख, लाल घेतला की राग. एकदा बाकीचे रंग वाळले होते म्हणून मी अख्खा कागद तपकिरी केला, तर त्यात त्यांना माझं हरवलेलं बालपण दिसलं. आमची डोकी ठिकाणावर नाहीत म्हणून आम्हा पोरांना दर गुरुवारी या खोलीत पाठवतात. नक्की कुणाचं डोकं ठिकाणावर नाही, ते विचारू नका.

नियम एकच: खोलीतलं चित्र खोलीबाहेर कुणाला दाखवायचं नाही. त्याच भरवशावर घडी मनातलं काढायला लागली. घडी म्हणजे माझ्या शेजारी बसणारी मुलगी. तिच्या कपड्यांवर कधी सुरकुती नसते, म्हणून आम्ही पाडलेलं नाव. तिनं काढली टेबलावर आडवी पडलेली मुलगी, आणि तिच्या अंगावरून इस्त्री फिरवणारी चष्मेवाली आई.

"आईनं बघितलं तर माझं इथं येणं बंद," ती मला म्हणाली. इथं सोडून ती कुठेच कुणाशी बोलत नव्हती.

मग संस्थेत पाहुणे यायचे ठरले आणि ताईंनी नियम गुंडाळून ठेवला. चित्रं भिंतीवर लावली, वर पालकांनाही बोलावलं. नावं कुठे लिहिलीत, म्हणे. अक्कल गहाण टाकतात ती अशी.

घडीची आई नेमकी त्या चित्रापाशी थांबली. घडी मागे सरकली.

"हे कुणी काढलंय?"

"मी," मी म्हणाले.

ताईंचे डोळे भरून आले. "बघा, किती मोकळी झालीये ही." इतके गुरुवार तो कागद घडीच्या पुढ्यात होता, पण ताईंना भावना दिसतात, पोरं दिसत नाहीत.

त्यांनी माझ्या आईला पुढे बोलावलं. माझी आईही चष्मा लावते, जुळत होतं ते एवढंच. आमच्या घरात इस्त्री नाही, कधीच नव्हती. मी चुरगळलेली, आई माझ्याहून चुरगळलेली. तिनं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या घडीकडे.

"काय बाई एकेक आया असतात," घडीची आई म्हणाली, आणि घडीच्या कॉलरचं टोक बोटांनी सरळ केलं.

"हो ना," माझी आई म्हणाली. "जरा जास्तच होतं माझ्याकडून."